अंगणवाडीत रुजू होण्याआधी

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

निवड झाल्याचं कळलं, आनंद झाला. प्रशिक्षणात 'वाढ आणि विकास' हे प्रकरण येईल. वाढ म्हणजे वजन-उंची, काट्यावर नि पट्टीवर मोजता येते ती. विकास म्हणजे मूल काय काय करू लागलं ते. दोन्ही एकाच चालीनं पुढं जातात असं नाही. वाढीच्या तक्त्यावर वजन हिरव्या, म्हणजे योग्य, पट्ट्यात असलेलं बाळ हाकेला वळून बघत नसेल, तर तक्ता भरून मोकळी होऊ नकोस.

'वर्षाचं झालं तरी चालत नाही हो' हे तुला सतत ऐकायला मिळेल. शेजारणीचं अकराव्या महिन्यातच चाललेलं असतं ना! जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी करून २००६ मध्ये आकडे दिले. त्यात आधाराशिवाय चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने असा आहे. शंभरातली चारेक मुलं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. म्हणून वयाइतकाच क्रमही बघ. आधी मान, मग बसणं, मग उभं राहणं. हातावरचा ताबा खांद्याकडून बोटांकडे येतो. ताटलीतल्या चुरमुऱ्यांवर अख्खा पंजा मारणारं बाळ काही महिन्यांनी अंगठा नि तर्जनीच्या चिमटीत एकच चुरमुरा उचलतं आणि तुझ्याकडे बघतं. (तो तोंडात जायच्या आत काढून घे.)

लवकर चालावं म्हणून घाई करणाऱ्यांना गेझेल आणि थॉम्पसन या मानसशास्त्रज्ञांचा १९२९ सालचा प्रयोग सांग. जुळ्या बहिणींपैकी एकीला त्यांनी सहा आठवडे पायऱ्या चढायचा सराव दिला. दुसरीला उशिरा, तोही दोनच आठवडे. तरी दुसरीनं पहिलीला गाठलं. शरीर तयार नसताना केलेली शिकवणी फारशी पुरत नाही. मात्र हाच न्याय बोलण्याला लावू नकोस. भाषा कानावर पडल्याशिवाय येत नाही. मोबाइल हातात देऊन गप्प बसवलेल्या बाळाशी कोण बोलतं, हे गृहभेटीत आवर्जून विचार.

उशीर आणि धोका यांतला फरक ओळखायला शीक. अठरा महिने उलटूनही चालत नसेल, किंवा येत असलेली गोष्ट मूल विसरायला लागलं, आधी दोन-चार शब्द बोलायचं ते थांबलं, तर 'होईल हळूहळू' म्हणायचं नाही. मुलांची तपासणी करणाऱ्या सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखव, आणि पुढं काय झालं याचा पाठपुरावा तूच कर.

प्रशिक्षणात ज्यावर घाईनं पुढं जातील, त्यावर मी मुद्दाम थांबते. तू बाळासाठी घरात शिरतेस, पण विकास तिथं तिघांचा चाललेला असतो: बाळाचा, आईचा नि सासूबाईंचा. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० साली आयुष्याचे आठ टप्पे मांडले. पौगंडात 'मी कोण' हा प्रश्न, तरुणपणी जवळीक, मध्यम वयात पुढच्या पिढीला घडवण्याची ओढ. कागदावर ओळीनं लावलेले हे टप्पे आपल्याकडच्या एकोणीस वर्षांच्या आईच्या अंगावर एकदम येतात. स्वतःचं काही ठरायच्या आत नवरा, नवं घर आणि मांडीवर बाळ. ती तुझ्यासमोर गप्प बसली तर तिला निष्काळजी ठरवू नकोस.

आणि सासूबाई. 'ऐकतच नाहीत' अशी तक्रार बहुतेक सेविका करतात. मला ती अर्धीच पटते. वय वाढलं की झटपट नवं शिकण्याचा वेग मंदावतो, पण साठवलेलं ज्ञान नि शब्दभांडार बराच काळ टिकतं. नातवंडाला आपलं काहीतरी द्यावं हीच त्या वयाची गरज असते. त्यांची टाळूभरणी, अंगाई, बडबडगीतं यांचं मनापासून कौतुक कर. मग जन्मल्याबरोबर मध चाटवू नका हे सांगितलंस तर ऐकून घेतात. आधीच 'तुमचं चुकतं' म्हणालीस, तर पुढच्या भेटीला दार अर्धंच उघडतं.

वजनांचे आकडे पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर जातातच. त्याशिवाय एक साधी वही ठेव. प्रत्येक बाळाच्या नावापुढे या महिन्यात नवं काय करू लागलं, एवढी एकच ओळ. दिवाळीला येशील तेव्हा वही घेऊन ये, बसून बघू.

तुझी,
बाई