मागे कोणी घ्यायची?

"मॅडम, प्रत्येक वेळी मीच का गाडी मागे घ्यायची?"

मी समुपदेशन करते; गाडीची तक्रार घेऊन माझ्याकडे कोणी येत नाही. लोक येतात ते रक्तदाबाची गोळी वाढली म्हणून, घरात सारखी चिडचिड होते म्हणून. बोलता बोलता मात्र अरुंद गल्लीत समोरासमोर अडकलेल्या दोन गाड्यांपाशी येऊन थांबतात. गेल्या वर्षभरात हे इतक्या जणांकडून ऐकलं, की एकाची गोष्ट लिहायचीच असं ठरवलं. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

पन्नाशीतले गृहस्थ. पत्नीने अक्षरशः धरून आणलेले. गल्लीत समोरून गाडी आली, दोन्ही बॉनेटांमध्ये हातभर अंतर उरलं. समोरच्याने हॉर्न दाबून धरला. यांनी इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि हाताची घडी घालून बसले. वीस मिनिटं! समोरच्याच्या मागे चार-पाच दुचाक्या आणि एक टेम्पो. यांच्या मागे कोणीच नाही, उलट पंधरा-वीस पावलांवर एका फाटकापाशी गाडी सहज बाजूला लागेल एवढी जागा. मागे बसलेली कॉलेजातली मुलगी शेवटी उतरली आणि चालत निघून गेली. तेव्हापासून ती वडिलांच्या गाडीत बसत नव्हती.

"मी आधी शिरलो होतो," ते म्हणाले.

"बरोबर आहे तुमचं."

हे त्यांना अपेक्षित नसावं. जरा खुर्चीत सैलावले. "आणि त्याने तो हॉर्न वाजवला नसता ना, तर घेतलीही असती मी मागे."

यावर माझा पूर्ण विश्वास बसला. बॅरी रुबॅक आणि डॅनियल जुएंग या अमेरिकी संशोधकांनी १९९७ मध्ये पार्किंगमधून गाडी काढणाऱ्यांच्या वेळा मोजून प्रसिद्ध केल्या होत्या. जागेसाठी कोणी थांबलेलं नसेल तर लोकांना साधारण ३२ सेकंद लागत, कोणी वाट पाहत असेल तर ३९, आणि त्याने हॉर्न वाजवला की ४३ च्या आसपास. म्हणजे स्वतःच सोडून चाललेली जागासुद्धा, कोणी मागितली की सोडवत नाही. हॉर्नने वाट मोकळी होते असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे आकडे डॅशबोर्डवर चिकटवावेत.

अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास जी विचारपद्धती मांडली, तिच्यावर माझा जीव आहे, हे लपवत नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की नुसत्या इच्छेने माणूस पेटत नाही, इच्छेचा हुकूम झाला की पेटतो. मराठीत हा फरक एका अक्षरात मावतो. 'त्याने मागे घेतली तर बरं' आणि 'त्यानेच मागे घ्यायला पाहिजे'. पहिल्यात समोरच्याने नाही घेतली तर आपण हळहळतो. दुसऱ्यात किल्ली खिशात जाते.

तीन भेटी मी या 'च'वर घालवल्या. माणूस हुशार. प्रत्येक मुद्दा पटायचा, पुढच्या आठवड्यात तसाच नवा किस्सा घेऊन यायचा. चूक माझीच होती. मी त्यांच्या हक्काशी वाद घालत बसले होते आणि तो हक्क कशावर पांघरूण घालतोय, हे पाहिलंच नव्हतं.

चौथ्या भेटीत मी टेबलावर दोन वह्यांची गल्ली केली. एक खोडरबर त्यांची गाडी, शार्पनर समोरची. "भांडण मिटलं असं समजा. घ्या तुमची गाडी बाहेर."

त्यांनी खोडरबर उचललं, हवेतल्या हवेत गर्रकन वळवलं आणि तोंड पुढे करून बाहेर काढलं.

"इतकी वळवायला जागा आहे गल्लीत?"

"नाहीये."

"मग?"

बराच वेळ ते खोडरबराकडेच बघत होते. मी काही बोलले नाही. आमच्या कामात गप्प बसणं हेच सगळ्यात उशिरा जमतं.

"मॅडम, मला रिव्हर्स जमत नाही. म्हणजे मोकळ्यावर जमतो. गल्लीत, लोक बघत असले की स्टिअरिंग कुठे फिरवायचं तेच सुचत नाही." बावीस वर्षं गाडी चालवणारा माणूस हे पहिल्यांदाच कोणाला तरी सांगत होता. गाडी नवी असताना फाटकाचा खांब घासला होता आणि खिडक्या-खिडक्यांतून लोक हसले होते. त्यानंतर अडून बसणं त्यांना सोपं पडायला लागलं. अडून बसलेल्या माणसाला जग माजोरडा म्हणतं, गाडी येत नाही असं कोणी म्हणत नाही.

(खोडरबर-शार्पनरची ही गल्ली आता माझे दोन सहकारीही वापरतात. एवढं मिरवून घेते.)

पुढचं काम सोपं होतं. रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात दोन ओळींत विटा मांडून मागे घेण्याचा सराव, शेजारी पत्नी, आणि तिने हसायचं नाही ही अट. दुसरं म्हणजे गल्लीत शिरताना 'कोण आधी' हा हिशेबच सोडायचा. ज्याला सोपं, त्याने मागे घ्यायची. ज्याच्या मागे रांग नाही त्याला सोपं, ज्याच्या मागे रुंद जागा जवळ आहे त्याला सोपं. चढावर मात्र वर येणाऱ्याला वाट द्यायची, कारण थांबलेली गाडी चढावर पुन्हा उचलणं अवघड. समोरून कोणी येताना दिसलं की आहे त्या रुंद जागेतच थांबायचं. नाकाला नाक भिडल्यावर सभ्यता फार महाग पडते, कारण तोवर बघे जमलेले असतात.

"पण मग लोक गैरफायदा घेतील," हे पालुपद येतंच. घेतील काही जण. त्यांना तुम्ही गल्लीत वीस मिनिटांत सुधारणार आहात का? आणि कोणी शिव्या देत खाली उतरलाच, तर काच वर, दार बंद, आपण आतच. तिथे वाट देणं हा शिष्टाचाराचा नव्हे, सुरक्षिततेचा भाग.

दीड महिन्याने त्यांचा फोन आला. स्वर तक्रारीचाच. "घेतली मागे. फाटकापाशी लावली, आरसा दुमडला. तो पठ्ठ्या सरळ निघून गेला हो! हातसुद्धा केला नाही!"

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? निघालो. पुढच्या चौकात मुलगी मागून म्हणाली, बाबा, आरसा अजून दुमडलेलाच आहे."