एम्पनाडाची कड आणि करंजीची मुरड

प्रिय मनू,

शनिवारी एम्पनाडाच्या ट्रकपाशी तू विचारलंस, "बाबा, या काकू तर करंजीच करतायत! मग आजी आपल्याला साचा का वापरू देत नाही? हातानेच मुरड का घालायला लावते?" मागे रांग वाढत होती आणि तुझ्या हातातली एम्पनाडा गळत होती, म्हणून उत्तर राहून गेलं. आता सावकाश लिहितो. तेवढंच तुझं मराठी वाचनही होईल.

आधी सोपं कारण. करंजी तळायची असते. कड नीट मिटली नसेल तर गरम तेलात तिचं तोंड उघडतं आणि आतलं खोबरं, पिठीसाखर, खसखस सगळं कढईत सांडतं. साखर जळते, तेल काळं पडतं, आणि पुढच्या प्रत्येक करंजीला काळे ठिपके चिकटतात. म्हणून पारीच्या कडेला दुधाचं बोट फिरवायचं, दाबून बंद करायची आणि वरून मुरड घालायची. साच्यातही कड दाबली जाते, पण पारी जरा कोरडी पडली की ती दगा देते. शिवाय साच्यातल्या सगळ्या करंज्या एकसारख्या दिसतात, आणि आजीच्या मते तशा विकतही मिळतात.

ट्रकवाल्या काकू अर्जेंटिनाच्या. त्यांच्या एम्पनाडा भट्टीत भाजलेल्या होत्या, तरी कड घट्टच, कारण सारण रसदार. चिकन, भरपूर कांदा, जिरं, पाप्रिका. तिकडे गमतीने म्हणतात की चांगली एम्पनाडा पाय फाकवून खावी, म्हणजे ओघळ कपड्यांवर न येता जमिनीवर पडतो. मला हे आठवलं तेव्हा तुझा शर्ट रंगून झाला होता.

त्या मुरडीला ते रेपुल्गे म्हणतात आणि तिच्याकडून एक जास्तीचं काम करून घेतात. सारण बदललं की कडही बदलायची. एखादी दोरीसारखी पिळलेली, एखादी नुसती काट्याने दाबलेली. कुठली कड कशाची, हे दुकानागणिक वेगळं असतं. म्हणून तर काकूंनी एकही न फोडता तुझी चिकनची आणि माझी पालकाची बरोबर काढून दिली. गुड फ्रायडेला मांस खात नाहीत, तेव्हा त्यात ट्यूना मासा भरतात. आपल्या दिवाळीच्या करंजीत सारण एकच, त्यामुळे ओळखायचा प्रश्नच नाही. मटारच्या करंज्या थंडीत होतात, आणि त्या ताटात पडेपर्यंतही टिकत नाहीत.

आता आजीचं कारण. भाद्रपदात गौरी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात आणि तिसऱ्या दिवशी, मूळ नक्षत्रावर, परत जातात. बऱ्याच घरांत त्या पाठवणीच्या दिवशी मुरडीच्या कानवल्यांचा नैवेद्य असतो. कानवला म्हणजे करंजीच. गौर माहेरवाशीण, तिने पुढच्या वर्षी पुन्हा इकडे वळावं, म्हणून तिच्या पानात मुरड घातलेलंच काहीतरी वाढायचं. कातणाने सरळ कापलेली कड त्या दिवशी चालत नाही. ज्या हाताला गौरीसाठी मुरड घालायची सवय लागली, तो दिवाळीत साचा कशाला धरेल? आपण विमानतळावर निघालो की आजी डब्यात काय देते ते आठव. तिने कधी बोलून दाखवलं नाही, मीही विचारलं नाही.

आणि हो, करंज्या संपत आल्या की आजी शेवटच्या पारीचा एक मोदक का करते, हेही तू मागे विचारलं होतंस. मोदक भाऊ, करंजी बहीण, एकाला सोडून दुसऱ्याला करायचं नाही, असं मानतात. मोदकांच्या दिवशी म्हणूनच उकडीच्या दोन करंज्याही होतात.

यंदा मुरड तू घाल. करंजी डाव्या हातात धर, टोकापासून कडेची चिमूट घेऊन आत दुमड, अंगठ्याने दाब, लगेच तिच्या शेजारची चिमूट. झालेल्या करंज्या ओलसर फडक्याखाली ठेवायच्या, नाहीतर पारी वाळते. सारण चमचाभरच. तू दोन चमचे कोंबणार हे मला माहीत आहे, तेव्हा आत्ताच सांगून ठेवतो: फुटली तर कढईतलं तेल गाळायचं काम तुझं.

तुझा,
बाबा