गांजाचं तेल आणि डॉक्टरांची चिठ्ठी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : आईची केमोथेरपी सुरू आहे. तिला अन्न जात नाही आणि रात्री वेदनांनी झोप लागत नाही. टेलिग्रामवर एक जण 'मेडिकल कॅनाबिस ऑइल'च्या ३० मिलीच्या बाटल्या कुरिअरने पाठवतो. चिठ्ठी मागत नाही. नशेसाठी नव्हे, औषधासाठीच घेतोय. तरी गुन्हा होतो का?

होतो. आणि गुन्हेगार ठरता तुम्ही, आई नव्हे, कारण पार्सल तुमच्या नावावर आणि पैसे तुमच्या खात्यातून गेलेले असतात.

१९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ८ गांजा आणि चरस जवळ बाळगण्याइतकंच 'खरेदी' करण्यालाही मनाई करतं. त्यात वैद्यकीय वापराचा अपवाद आहे, पण तो परवान्याच्या वाटेने. घरच्या पेशंटसाठी खाजगीत घेतलेली बाटली त्यात बसत नाही. कायदा आधी बाटलीत काय आहे ते पाहतो. ती कशासाठी घेतली हे फार तर शिक्षा ठरवताना वकील मांडू शकतो.

इथे एक बारकावा बहुतेकांना ठाऊक नसतो. गांजासाठी 'अल्प प्रमाण' एक किलोपर्यंत आहे, त्यामुळे 'एवढंसं तेल' म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण कायद्यातल्या व्याख्येनुसार गांजाचा घट्ट अर्क, म्हणजे हशीश तेल, चरसमध्ये मोडतो. चरसचं अल्प प्रमाण फक्त १०० ग्रॅम आहे आणि व्यापारी प्रमाण १ किलो. शिवाय २००९च्या अधिसूचनेनुसार वजन शुद्ध अर्काचं नव्हे, संपूर्ण मिश्रणाचं धरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. आता हिशेब करा. खोबरेल किंवा तिळाच्या तेलात मिसळलेली ३० मिलीची एक बाटली साधारण २७-२८ ग्रॅम भरते. चार बाटल्या एकदम मागवल्या की काटा ११०च्या आसपास जातो. अल्प प्रमाणात शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यावर गेलात की दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. 'चार घेतल्या तर स्वस्त' या सवलतीची ही किंमत आहे.

आईच्या त्रासासाठी मात्र कायदेशीर वाट आहे, आणि ती आजच धरा. २०१४च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांसारखी सहा वेदनाशामक औषधं 'अत्यावश्यक' यादीत आली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवण्याचा मार्ग सुटसुटीत झाला. गांजा त्या यादीत नाही. कर्करोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारा : "पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या विभागाकडे पाठवता का? तोंडाने घ्यायचं मॉर्फिन देता येईल का?" मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये असा स्वतंत्र विभाग आहे. वेदना किती वाजता वाढतात, उलट्या केमोनंतर कितव्या दिवशी होतात, हे चार दिवस वहीत लिहून न्या. त्यावरून डॉक्टरांना उलटीचं औषध आणि डोस बदलता येतो. दुखणं निमूटपणे सोसायची गरज नाही, आणि त्यासाठी मुलाने कोठडीची जोखीम घ्यायचीही नाही.

प्रश्न : मग डॉक्टरांची चिठ्ठी असली की सगळं कायदेशीर होतं का? 'विजया'च्या गोळ्या तर ऑनलाइन मिळतात.

गांजा किंवा चरसाच्या अर्काला चिठ्ठी वाचवत नाही, मग ती एमबीबीएसची असो की एमडीची. चिठ्ठीला अर्थ येतो तो पानांपासून केलेल्या आयुर्वेदिक औषधाला. एनडीपीएसमधल्या गांजाच्या व्याख्येत झाडाचे फुला-फळांचे शेंडे येतात. त्यांच्याशिवायची नुसती पानं आणि बिया येत नाहीत. ही पानं म्हणजेच भांग, वैद्यांची विजया. औषधविषयक नियमांच्या अनुसूची ई(१)मध्ये ती धोतरा आणि बचनागाच्या पंगतीत, विषारी द्रव्य म्हणून नोंदलेली आहे. म्हणून लेबलवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' ही सूचना इंग्रजी आणि हिंदीत हवीच.

बाटली हातात घेऊन पाहा : उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदतीची तारीख, घटकांत विजया 'पत्र' म्हणजे पान असा उल्लेख आणि त्याचं प्रमाण. यातलं काही नसेल, किंवा 'फुल स्पेक्ट्रम'सारखे भपकेदार शब्द आहेत पण वनस्पतीचा भाग कुठेच लिहिलेला नाही, तर घेऊ नका. चिठ्ठी नोंदणीकृत वैद्यांची, नोंदणी क्रमांकासकट हवी. पैसे भरताना आपोआप तयार होणाऱ्या, पेशंटला कुणी न पाहिलेल्या चिठ्ठीवर आमचा भरवसा नाही.

चिठ्ठीशिवाय घेतली तर काय बिघडतं? महाराष्ट्रात पानंही मोकळी नाहीत. विनापरवाना भांग बाळगणं १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. दुसरं म्हणजे जागेवर रंग बदलून चाचणी करणाऱ्या किटला फक्त गांजाच्या झाडातली द्रव्यं कळतात. अर्क पानाचा की शेंड्याचा, हे त्या रंगावरून ठरत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत तुमच्या बाजूने बोलणारे कागद तीनच : चिठ्ठी, बिल आणि मूळ लेबल. म्हणून तेल प्रवासासाठी छोट्या बाटलीत ओतू नका, गोळ्या डबीत काढू नका.

प्रश्न : मुलगा लंडनला असतो. तिकडे गांजाचं औषध डॉक्टर लिहून देतात म्हणे. तो येताना आणू शकेल का? आणि मी त्याला इथून विजयाचं तेल पाठवू का?

दोन्ही नको. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०१८पासून तज्ज्ञ डॉक्टर असं औषध लिहून देऊ शकतात, पण तिथली चिठ्ठी मुंबईच्या विमानतळावर परवाना ठरत नाही. भारतात आणणं हा कलम २३खालचा वेगळा गुन्हा आहे. बँकॉकहून आणलेला हायड्रोपोनिक गांजा मुंबई विमानतळावर वारंवार पकडला जातो. तो पाण्यावर वाढवलेला असला तरी कायद्याला गांजाच.

उलट दिशेने, आपल्याकडची 'पानं वगळून' ही सवलत ब्रिटनमध्ये नाही. तिथे पानंही क वर्गाच्या वरच्या, ब वर्गातल्या अमली पदार्थांत येतात आणि विनापरवाना बाळगल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाच्या व्हिसावर काय येईल याचा विचार करा.

प्रश्न : तेलासाठी ६,५०० रुपये भरले, माल आला नाही. आता 'नार्कोटिक्स अधिकारी' व्हिडिओ कॉल करून ८० हजार मागतोय. तक्रार केली तर मीच अडकेन का?

पैसे देऊ नका, कॉल बंद करा. व्हिडिओवर अटक करण्याची तरतूद भारतीय कायद्यात नाही आणि दंड न्यायालय ठोठावतं, फोनवरचा माणूस नव्हे. विकणारा आणि 'अधिकारी' बहुधा एकाच टोळीचे असतात. तुम्ही लाजेने गप्प बसाल हेच त्यांचं भांडवल.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे समोरच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता जास्त. यूपीआय व्यवहार क्रमांक, नंबर, स्क्रीनशॉट जपा. चॅट पुसू नका. मागवलेला माल कुठला होता हा प्रश्न तक्रारीत येणारच, म्हणून लेखी जबाबाआधी वकिलाशी बोला. खोटं मात्र लिहू नका.

प्रश्न : बाल्कनीत एकच रोप लावलं तर? आणि दुकानातलं हेम्प, म्हणजे गांजाच्या झाडाच्या बियांचं तेल?

रोप नको. लागवडीला 'अल्प प्रमाण' ही सोयच नाही. एका रोपालाही दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं कलम लागतं. बिया आणि बियांचं तेल यांना अन्नपदार्थ म्हणून एफएसएसएआय या अन्न सुरक्षा नियामक संस्थेने २०२१मध्ये मान्यता दिली आहे. ते खा, पण त्याने वेदना कमी होतील असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

प्रश्न : भाऊ झोपेसाठी म्हणून गांजा ओढायला लागला. १५ ग्रॅमसह पकडला गेला. 'थोडाच आहे, लगेच सुटेल' असं सगळे म्हणतात.

प्रमाण अल्प आहे हे खरं, पण मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२०मध्ये एनडीपीएस कायद्याखालचे सगळे गुन्हे अजामीनपात्र ठरवले. म्हणजे पोलीस ठाण्यातून हक्काने जामीन मिळेल असं धरू नका, न्यायालयात अर्ज करावा लागेल. वकील त्याच दिवशी गाठा. पंचनाम्यात वजन किती लिहिलंय, काड्या-बिया वेगळ्या केल्या का, पाकीट सीलबंद झालं का, हे त्यांना पाहू द्या. अंगझडतीआधी 'राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती हवी का' असं विचारणं कलम ५०नुसार बंधनकारक आहे. हा नियम अंगावरच्या झडतीला लागतो, पिशवीच्या नाही.

आणि कलम ६४अ वकिलांना आवर्जून दाखवा. व्यसन जडलेली व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेली, तर सेवनाच्या वा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेतलं जाऊ शकतं. केंद्राचा पत्ता १४४४६ या हेल्पलाइनवर मिळतो. दाखल झाल्याचा कागद पुढच्या तारखेआधी वकिलांच्या हातात द्या.