पुनवेची भरती

मालवण,
कार्तिक पौर्णिमा

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. रत्नागिरीला अद्भुतकथेच्या चाहत्यांच्या मेळाव्याला तुला बोलावलंय, आणि नुसतं ऐकायला नाही तर चर्चेत बसायला, हे वाचून मी पत्र घेऊन तसाच स्वयंपाकघरात गेलो आणि हिला मोठ्याने वाचून दाखवलं. आम्हां दोघांनाही फार आनंद झाला.

तू बरंच विचारलंयस. त्यातला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो तुला रात्री झोपू देत नसणार. तुझ्या गोष्टीतली म्हातारी राखणदाराशी मालवणीत बोलते, ते पुण्या-मुंबईच्या लोकांपुढे तसंच वाचायचं की प्रमाण भाषेत करून न्यायचं? तसंच वाच. पुस्तकी भाषेत देवापुढे घातलेलं गाऱ्हाणं मी अजून ऐकलेलं नाही. चार शब्द समोरच्यांना कळले नाहीत तरी लय कळते, आणि ‘व्हय म्हाराजा’ कुठे म्हणायचं तेही कळतं. फक्त दोन पानांपेक्षा जास्त वाचू नकोस. अजून हवं होतं असं वाटत असतानाच थांब.

बाकीचं भराभर सांगतो. प्रती पंधरा-वीस ने. पैसे घ्यायला क्यूआर कोडचा छापील कागद ने, आणि सुटे पैसेही ठेव. अंगाला सवय असलेले कपडे घाल, दिवसभर उभं राहावं लागतं. सही करताना नाव विचार, आणि ते कसं लिहितात हेही विचार. चुकीच्या नावाची प्रत माणूस कोणाला दाखवत नाही.

आता महत्त्वाचं. तू जिथे चालली आहेस ते साहित्य संमेलन नाही. आपलं संमेलन लिहिणाऱ्यांनी सुरू केलं. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी पुण्यात ग्रंथकारांना एकत्र बोलावलं, आणि ग्रंथकारांचं संमेलन हेच त्याचं रूप होतं. १९९० साली संमेलन रत्नागिरीला आलं, मधु मंगेश कर्णिक अध्यक्ष होते, तेव्हा मी नोकरीला नवा लागलेला शिक्षक होतो. एस.टी.ने गेलो, मांडवाच्या मागच्या बाजूला उभं राहून जेवढं कानावर पडलं तेवढं ऐकलं आणि भारावून परत आलो. लेखक वर, आपण खाली, यात काही वेगळं असू शकतं हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

चाहत्यांच्या मेळाव्याची वाट दुसरीकडून आली. १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथेचं पहिलं जागतिक अधिवेशन भरलं, ते भरवणारे वाचक होते. मासिकांना पत्रं लिहिणारी, स्वतःचे चक्रमुद्रित अंक काढून एकमेकांना पाठवणारी ती तरुण मुलं होती. लेखकांना त्यांनी बोलावून घेतलं. आजही ते अधिवेशन स्वयंसेवकच चालवतात. येणारा माणूस सभासद म्हणून नाव नोंदवतो, आणि १९५३ साली सुरू झालेला तिथला ह्यूगो पुरस्कार कोणाला द्यायचा हे सभासद मत देऊन ठरवतात. रत्नागिरीचा मेळावा अगदी लहान, पण त्याच वळणाचा आहे. खुर्च्या मांडणारी, पाहुण्यांना स्टेशनवर घ्यायला येणारी, चहा देणारी मुलंच तुझी वाचक आहेत. घर त्यांचं आहे, तू पाहुणी आहेस. हे मला कळायला एका म्हाताऱ्या माणसाला दुखवावं लागलं. ती गोष्ट मी आजवर तुला सांगितली नव्हती.

अकरा-बारा वर्षं झाली. वेंगुर्ल्याला असाच मेळावा होता. शाळेचा हॉल, ऐंशीएक माणसं, बाहेर चहाची किटली. माझ्या पहिल्या कादंबरीवर बोलणं चाललं होतं. तिच्यातला तो प्रसंग तुला पाठ आहे: पौर्णिमेचा चंद्र डोंगराआडून वर येतो, त्याच क्षणी उधाणाची भरती खाडीत शिरते, आणि शंभर वर्षांपूर्वी बुडालेलं गलबत दिवे लावून धक्क्याला लागतं. तो लिहिताना माझे डोळे भरून आले होते. वाचकांनाही तोच सर्वांत आवडायचा.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मागच्या बाकावरून एक आजोबा उठले. ऐंशीच्या पुढचे, आयुष्यभर तांडेल म्हणून होडी चालवलेले. त्यांना वाचता येत नव्हतं. नातीने रोज संध्याकाळी थोडी थोडी करून अख्खी कादंबरी त्यांना वाचून दाखवली होती. ते म्हणाले, “मास्तरानू, पुनवेक चंद्र उगावता त्या टायमाक भरती खंयसून इली? तेवा सुकती आसता.” सुकती म्हणजे पुस्तकातली ओहोटी.

मी माईक हातात धरून म्हणालो, “आजोबा, गलबत भुताचं आहे. त्याला भरती-ओहोटी कसली?”

हॉल हसला. टाळ्या पडल्या. आजोबा खाली बसले आणि नातीने मान खाली घातली. बाय, तिची ती खाली घातलेली मान मला अजून दिसते. माझं पुस्तक त्या हॉलमध्ये सर्वांत मन लावून ऐकलेला माणूस तोच होता, आणि त्याला मी चारचौघांत गप्प बसवलं होतं.

चहाच्या वेळी मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. माफी मागितली. त्यांनी ती बाजूला सारली आणि मला हिशेब शिकवला. तिथीला तीनने गुणायचं आणि चाराने भागायचं. जो आकडा येईल तेवढ्या वाजता भरती पूर्ण भरते, एकदा दिवसा, एकदा रात्री. चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला सव्वाअकरा, म्हणजे बाराच्या आतबाहेर धरायचं. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, पण आपल्या किनाऱ्यावर होडी पाण्यात ढकलायची वेळ काढायला पुरतो. चंद्र माथ्यावर आला की आपल्याकडे पाणी भरतं, आणि तो पायाखाली गेला की पुन्हा भरतं. पौर्णिमेचा चंद्र उगवतो सूर्य मावळताना, म्हणजे दोन भरत्यांच्या बरोबर मधे. त्यात ते दिवस उधाणाचे. भांगाच्या दिवसांत पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही. उधाणात जेवढं वर येतं तेवढंच लांब मागे जातं. माझं गलबत दिवे लावून खाडीत शिरत होतं त्या घटकेला तिथे गुडघाभर चिखल हवा होता आणि त्यात तिसऱ्या काढायला उतरलेल्या बायका.

मी समुद्राकाठी जन्मलो. लहानपणी उधाण पाहिलं, भांग पाहिला, हे दोन्ही शब्द मला येत होते. तरी लिहिताना मला चंद्र आणि भरती एकत्र हवे होते म्हणून मी ते एकत्र आणले, आणि आणताना क्षणभरही थांबलो नाही. त्यांना मी विचारलं, “पण भुताचं गलबत तुम्हाला पटलं ना?” तर म्हणाले, “गलबात भुताचा, ह्या मान्य. पण पाणी तर आमचाच मां?”

अद्भुतकथा कशी लिहावी यावर मी पुष्कळ वाचलंय, तुलाही वाचायला दिलंय. या एका वाक्याजवळ त्यातलं काही जात नाही. तुला हवं ते गलबत वर काढ. हवा तो वेताळ, हवा तो देवचार उभा कर. वाचक ते मागूनच घेतो, त्यासाठीच तो आलेला असतो. पण ज्या पाण्यावर ते गलबत तरंगतं ते पाणी, जिच्यावर वेताळ चालतो ती पायवाट, नैवेद्याच्या भाताला लागणारा वेळ, हे सगळं कोणाचं तरी आहे. तो कोणीतरी समोरच्या खुर्चीवर बसलेला असतो. त्याचं पाणी तुला उलटं वाहवायचं असेल तर वाहव, पण उलटं वाहतंय हे गोष्टीतल्या कोणाला तरी कळलं पाहिजे.

दुसऱ्या भागात मी ती चूक पुसली नाही. चंद्र तसाच उगवतो, पाणी तसंच चढतं. फक्त या वेळी बांधावर एक म्हातारा तांडेल उभा आहे. गावाला गलबत दिसल्यावर भीती वाटते. त्याला पाणी चढताना दिसतं तेव्हाच तो घराकडे पळत सुटतो, कारण ती वेळ सुकतीची आहे. माझ्या हातून उतरलेलं सर्वांत चांगलं प्रकरण तेच, असं मला वाटतं. छापण्याआधी मी वेंगुर्ल्याला जाऊन ते आजोबांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि एके ठिकाणी दोरीचं नाव दुरुस्त केलं. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. पुस्तकावर ‘पाण्याच्या मालकांस’ अशी अर्पणपत्रिका आहे ती त्यांची.

म्हणून चर्चा संपली की पाहुण्यांच्या खोलीत जाऊन बसू नकोस. बाहेर थांब. वही हातात असू दे. कोणी चूक दाखवली तर त्याच्या देखत लिहून घे आणि तुम्हाला हे कसं माहीत, असं विचार. त्या प्रश्नाने माणूस मोकळा होतो आणि पुढचा तासभर तू नुसतं लिहीत बसशील.

काही मुलं वेष करून येतील. कॉस्प्ले म्हणतात ते त्याला. माझ्या वयाच्या काही लेखकांना ते पोरकट वाटतं, मला तसं वाटू शकत नाही. आपण दशावतार बघत वाढलो. पेटाऱ्यातून वेष काढून स्वतःचा चेहरा स्वतः रंगवणारा, लिहिलेलं एक वाक्य हातात नसताना रात्रभर राजा होऊन बोलणारा माणूस सकाळी शेतावर जातो, हे आपण पाहिलंय. गेल्या वर्षी एक मुलगी माझ्या कादंबरीतली जोगीण होऊन आली होती. चिलखत तिने पोफळीच्या विऱ्या, म्हणजे झावळीच्या बुडाची रुंद सालं, भिजवून, वाकवून, सुतळीने शिवलं होतं. मी पुस्तकात नुसतं ‘चिलखत’ लिहिलं होतं. ते कशाचं असेल याचा विचार तिने केला होता, मी केला नव्हता. असं कोणी समोर आलं तर फोटो काढून पुढे जाऊ नकोस. कसं केलंस, ते विचार.

कोणीतरी व्यासपीठावरूनच म्हणेल की हे सगळं मुलांसाठी ठीक आहे, मोठेपणी खरं साहित्य लिही. मला एका सभेत सूत्रसंचालकानेच तसं म्हटलं होतं आणि मी घरी येऊन दोन महिने काही लिहिलं नाही. ते दोन महिने वाया गेले याचं मला वाईट वाटतं. तुझ्यावर ती वेळ आली तर जयंत नारळीकरांची आठवण ठेव. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी आपलं नाव लपवून, नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांची वाट विज्ञानकथेची, आपली वेगळी. पण कल्पित जगाला मराठीत मानाची जागा मिळायला मधे सत्तेचाळीस वर्षं गेली, आणि ती लिहिण्यात गेली.

दुसऱ्या दिवशी मुलं कशेळीला कातळशिल्पं बघायला जाणार आहेत असं कळलं. घरी परतायची घाई करू नकोस, त्यांच्याबरोबर जा. सड्यावर कोरलेला एकच हत्ती, सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर उंच, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची गर्दी. जमिनीवर उभं राहून तो पुरता दिसत नाही. मी फिरत फिरत पाहिला तेव्हा ज्याने कोरला त्यालाही तो एका नजरेत कधी दिसला नसेल, असं मनात आलं आणि मी बराच वेळ तिथून हललो नाही. २०२२ पासून कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आहेत. चपला काढून रेषा न तुडवता चाल.

प्रकाशकाबद्दल विचारलं होतंस. भेटला तर नाव सांग, काय लिहितेस ते दोन वाक्यांत सांग. जेवणाच्या ताटावर बसलेल्या माणसाच्या हातात बाड देऊ नकोस. पोस्टाने पाठव.

एक राहिलं. तू वाचणार आहेस ती दोन पानं मी पुन्हा काढून पाहिली. तुझी म्हातारी एकादशीच्या रात्री दहा वाजता, डोक्यावर टोपली घेऊन, उताराने खाडी ओलांडते आणि पाणी तिच्या घोट्याला लागतं. अकरा त्रिक तेहेतीस, भागिले चार, सव्वाआठ. दहा वाजता भरती उतरायला लागून दोन तासही झालेले नाहीत. तिथे किती पाणी असेल ते तुझ्या मामाला विचार, आणि मग ठरव: म्हातारीला उशिरा निघायला लावायचं की पाण्यालाच तिच्यासाठी मागे सरायला लावायचं. दुसरं केलंस तर ते पाहणारा कोणीतरी काठावर ठेव. निघायच्या आधी नवी पानं मला पाठव.

तुझा,
मास्तर