"तीनदा काढून टाकलंय हो त्याला"

आईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या टेबलावर हाताने सपाट केला. मुलीने ज्याच्याशी लग्न ठरवलंय त्याच्या नावाने इंटरनेटवर जे काही सापडलं, ते त्यांनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं होतं. नुसत्या तारखा आणि क्लबांची नावं. तीन ओळींखाली लाल पेनाने रेघ.

"वाचा मॅडम. तीनदा काढून टाकलंय हो त्याला. दोन वर्षांत तीनदा!"

शेजारी बाबा, राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले, खिडकीबाहेर बघत होते. मुलगी अमेरिकेत फिजिओथेरपिस्ट, वय ३०. मुलगा तिथलाच, २९ वर्षांचा, व्यावसायिक बेसबॉल खेळाडू. जात-धर्म-देश यावरची भांडणं घरात आधीच होऊन गेली होती, त्याबद्दल त्या माझ्याकडे आल्या नव्हत्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की मुलगा सेटल नाही. (कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मी समुपदेशक, हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बरीच घरं येतात. फक्त मुलाचा धंदा बदलतो. कधी स्टार्टअप असतं, कधी तबला, कधी गिर्यारोहण. बेसबॉल मात्र पहिल्यांदाच. लाल रेघेवरचे शब्द होते 'डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट'. मला ते काहीही कळले नाहीत, तरी मी गंभीर चेहऱ्याने मान हलवली. आईंनी त्याचा अर्थ 'बघा, मॅडमनाही पटलं' असा घेतला आणि घरी जाऊन मुलीला तसं सांगितलंही. ती चूक माझी. पुढचे दोन आठवडे ती निस्तरण्यात गेले.

दुसरी भेट व्हिडिओ कॉलवर ठेवली, सगळ्यांना एकत्र घेऊन. सोमवार, आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, तिकडे सकाळचे अकरा. सोमवारच का, तर मायनर लीगला, म्हणजे तो खेळतो त्या खालच्या पातळीवरच्या बेसबॉलला, त्या दिवशी सुट्टी असते. मंगळवार ते रविवार एकाच प्रतिस्पर्ध्याशी सहा सामने. मुलगा इंग्रजीत बोलायचा, अडलं की मुलगी मराठीत सांगायची. मी त्याला म्हटलं, हा कागद तूच वाचून दाखव.

त्याने सुरुवात बरीच मागून केली. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब खेळाडूंची निवड करतात त्यात, तेव्हा ४० फेऱ्या असायच्या आणि हा तिसाव्या फेरीच्याही पुढे निवडला गेला. पहिल्या फेरीतल्या पोरांना लाखो डॉलर मिळतात, याला नावापुरते पैसे. मग शिडी चढणं सुरू. सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए, आणि सगळ्यात वर मेजर लीगचे ३० क्लब. २०२० मध्ये कोविडमुळे मायनर लीगचा हंगाम झालाच नाही. त्या वर्षी तो एका गोदामात खोकी लावत होता. २०२१ मध्ये मेजर लीगच्या क्लबांशी संलग्न असलेल्या संघांची संख्या १६० च्या आसपासवरून १२० वर आणली गेली, त्या चाळणीत तो टिकला.

"आणि हे तीनदा?" आईंनी कागद कॅमेऱ्यासमोर धरला.

ते त्याने शांतपणे सांगितलं. प्रत्येक क्लबची ४० जणांची यादी असते आणि त्यातलेच २६ जण मैदानासाठी पात्र असतात. हा त्या चाळिसात नसतो. वरच्या संघातला कुणी जायबंदी झाला, जागा पडली, की याला बोलावणं येतं आणि यादीत नाव घालतात. जायबंदी खेळाडू बरा झाला की ती जागा परत लागते. मग याला 'डीएफए' करतात, त्या लाल रेघेवरच्या शब्दांचंच ते लघुरूप. नाव यादीतून निघतं आणि क्लबकडे सात दिवस असतात. तेवढ्यात त्याला दुसऱ्या क्लबला द्यायचं, सोडून द्यायचं, नाहीतर इतर क्लबांपुढे ठेवायचं. कुणी उचललं तर तिकडे जायचं, कुणीच नाही तर परत ट्रिपल-ए. एकदा असं परत खाली पाठवलं गेलेल्या खेळाडूला पुढच्या वेळी खाली जायला नकार देऊन मोकळं होता येतं. तो एकदा तसा मोकळा झाला आणि आठवड्याभरात दुसरीकडे सही केली.

बाबा इतका वेळ गप्प होते. ते एकदम म्हणाले, "अगं, मग तीनदा काढलं म्हणजे आधी तीनदा घेतलं होतं की! खातं उघडल्याशिवाय बंद कसं होईल?"

पुढची वीस मिनिटं बाबा आणि होणारा जावई यांचीच होती. २०२३ च्या करारानुसार ट्रिपल-एचा किमान वार्षिक पगार ३५,८०० डॉलर. मेजर लीगचा किमान पगार २०२५ साठी ७,६०,००० डॉलर, आणि तो दिवसांच्या हिशेबाने मिळतो. बाबांनी फोनवरच भागाकार केला. हंगाम साधारण १८६ दिवसांचा धरला तर दिवसाला चार हजारांच्या वर. म्हणजे वर नऊ-दहा दिवस बसला, अगदी बाकावर जरी बसला, तरी खालच्या सबंध वर्षाचा किमान पगार सुटतो! हा आतापर्यंत वर ३१ दिवस राहिला होता. "४३ दिवस भरले की पेन्शनचा हक्क लागतो," मुलगा म्हणाला. पेन्शन हा शब्द बाबांना भाषांतराशिवाय कळला. ते खुर्चीत सावरून बसले.

हे कोष्टक डोक्यात बसलं की अशा खेळाडूची धडपड वेडेपणाची वाटत नाही. इंग्रजीत अशांना 'जर्नीमन' म्हणतात, गावोगाव हत्यारं घेऊन फिरणारा कारागीर. इनफिल्डर, म्हणजे बेसांच्या आसपास उभा राहणारा क्षेत्ररक्षक, असेल तर त्याची किंमत नुसत्या फटकेबाजीत नसते, त्याला कुठेही उभं करता येतं यात असते. आज सेकंड बेस, उद्या शॉर्टस्टॉप, परवा थर्ड बेस. जेमी कॅरल नावाचा असाच एक इनफिल्डर २००२ मध्ये २८ व्या वर्षी पहिल्यांदा मेजर लीगमध्ये आला आणि क्लब बदलत बदलत २०१३ पर्यंत टिकला. २००७ मध्ये कोलोरॅडोच्या क्लबला बाद फेरीत नेणाऱ्या सामन्याच्या तेराव्या डावात विजयी धाव आली ती त्याच्या फटक्यावर. झेल दिला, स्वतः बाद झाला, आणि तेवढ्या वेळात थर्ड बेसवरच्या गड्याने धाव पुरी केली. पण असा एखादाच. मी हे आईबाबांना मुद्दाम सांगितलं, कारण मुलगी उदाहरणं द्यायला लागली की फक्त जिंकलेल्यांची द्यायची.

तिचं लाडकं उदाहरण ड्र्यू मॅगी. २०१० मध्ये पिट्सबर्गने पंधराव्या फेरीत घेतलेला इनफिल्डर. मायनर लीगमध्ये तेरा हंगाम आणि अकराशेहून जास्त सामने. २०२१ मध्ये मिनेसोटाने वर बोलावलं, पण मैदानात उतरवलंच नाही. शेवटी २६ एप्रिल २०२३ ला, ३३ व्या वर्षी, पिट्सबर्गसाठी पहिल्यांदा बॅट घेऊन उतरला. अख्खं स्टेडियम उभं राहिलं. तो बाद झाला. तरी लोक उभेच. सांगताना मुलीचे डोळे भरून आले होते.

आई म्हणाल्या, "आणि ती तेरा वर्षं त्याच्या घरच्यांनी काय केलं?"

हा प्रश्न मी वहीत लिहून घेतला.

मग मुलाने बॅग दाखवली. ती कुणी मागितली नव्हती, बहुधा त्याला शांतता सहन झाली नाही. त्याने एकेक ग्लोव्ह काढून पलंगावर मांडला. लहान खिशाचा मिडल इनफिल्डचा, चेंडू चटकन हातात यावा म्हणून. थोडा मोठा थर्ड बेसचा. लांबट आउटफिल्डचा. आणि फर्स्ट बेसचा जाड, वेगळी बोटं नसलेला. एका ग्लोव्हच्या मधल्या बोटांची वादी तुटल्यावर त्याने ती स्वतः नव्याने ओवली होती. आई चष्मा वर करून स्क्रीनजवळ गेल्या आणि टाके बघत म्हणाल्या, "हात चांगला आहे." तीन आठवड्यांत त्याच्याबद्दल त्यांच्या तोंडून आलेलं पहिलं बरं वाक्य.

इथे बहुतेक समुपदेशक फाइल बंद करतील. गैरसमज दूर झाला, पगार कळला, आईंचा सूर मऊ झाला. मला मात्र वहीतला तो प्रश्न सोडेना. मी मुलीला विचारलं, "त्याच्यासोबतच्या तीन वर्षांत तू किती घरं बदललीस?"

ती बोटांवर मोजायला लागली. तीन राज्यं. फिजिओचं लायसन्स तिकडे राज्याराज्याचं असतं. काही राज्यांनी आपसात करार केलेत म्हणून थोडं सोपं झालंय, पण तिची सगळी राज्यं त्यात नव्हती. एका ठिकाणी अर्ज करून ती दहा आठवडे बसून होती, आणि लायसन्स हातात आलं त्याच आठवड्यात त्याचा क्लब बदलला. २०२२ पासून क्लब मायनर लीगच्या बहुतेक खेळाडूंची राहायची सोय करतात, पण ती सोय त्याची. "त्यालाच आदल्या रात्री कळतं गं कुठे जायचं ते," ती आईला म्हणाली. मला वाटलं आता आई तावातावाने बोलतील. त्यांनी कॉल बंद केला.

तिसऱ्या भेटीला त्या एकट्या आल्या. बाबांना पार्किंगमध्ये बसवून.

"मी चार शाळा सोडल्यात," त्या म्हणाल्या. "लातूर, अकोला, भोपाळ, बेळगाव. गणित शिकवायचे मी. यांची ऑर्डर आली की आठ दिवसांत सामान बांधायचं. दर वेळी यांना बढती आणि मला, बाई, जागा भरली आहे. बेळगावनंतर अर्जच केला नाही." जरा थांबून म्हणाल्या, "हे बँकेत होते, तेव्हा हे सेटल. सगळे माझ्या आईला सांगायचे, जावई बँकेत आहे, नशीब काढलं पोरीने."

'सेटल' या शब्दाचं हे असं असतं. तो मुलाच्या पगाराला लावतात आणि मुलीच्या नोकरीचं त्यात कुणी धरत नाही. या आईंची भीती खरी होती, फक्त त्यांनी ती चुकीच्या कागदावर अधोरेखित केली होती. त्याला क्लबाने काढलं तर मेक्सिकोत हिवाळी लीग आहे, प्रशिक्षकाची नोकरी आहे, कॉलेज पुरं करायचा करार आहे. हे सगळं त्याने आधीच बघून ठेवलं होतं. मुलीच्या बाजूची वही कोरी होती.

मी त्यांना सुचवलं, की त्याने खेळ कधी सोडायचा हे विचारायचं नाही, ते त्याचं त्याला ठरवू दे. मुलीला विचारा, तू कुठे राहणार? चौथ्या भेटीत दोघांना तेच विचारलं. मुलगा गडबडला. ती आपल्यासोबत येते हे त्याने प्रेमाच्या खात्यात धरलं होतं, त्याची किंमत कधी मांडली नव्हती. त्यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, माझ्यासमोरच. लग्न मोडतंय की काय असं मला दोन दिवस वाटत होतं. मग तिने एका शहरात तीन वर्षांसाठी हॉस्पिटलची नोकरी धरली. हंगामात तो जिथे असेल तिथून येईल, ऑक्टोबरनंतर तिच्या घरी राहील आणि हिवाळी लीगला जायचं असेल तर दर वर्षी तिला विचारून. मेक्सिकोची तारीख आणि तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त एकमेकांवर आदळले, तेव्हा त्या वर्षी मेक्सिको मागे पडलं. बाबांना ते पटलं नाही. "तिकडे पैसे मिळत होते ना?" असं ते अजून म्हणतात.

पुढच्या उन्हाळ्यात आईंचा मेसेज आला. "मॅडम, आठ दिवस वर होता, आज परत डीएफए केलंय. एकूण ३९ दिवस झाले. सात दिवस थांबते, मग फोन करते. मुलगी ड्युटीवर आहे."