अथेन्सहून तीन बेटांची क्रूझ : संग्रहालयांसाठी २५० युरो मोजावेत का?

प्रश्न थोडक्यात : आम्ही पती-पत्नी (वय ५८ आणि ५५) ऑक्टोबरमध्ये अथेन्सला जात आहोत. एजंट हायड्रा-पोरोस-एजिना ही एका दिवसाची क्रूझ माणशी १२५ युरोंना पॅकेजमध्ये घालतो आहे. एजिनावरच्या अफाया मंदिराची बससहल हवी असल्यास माणशी ३० युरो वेगळे. आम्हाला मुख्यतः बेटांवरची संग्रहालये पाहायची आहेत. पैसे जमवायला म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक (एसआयपी) दोन महिने थांबवावी का?

उत्तर : एसआयपी थांबवू नका, आणि संग्रहालयांसाठी ही क्रूझही घेऊ नका.

तुम्ही पाठवलेल्या पत्रकात हायड्राला दीड तास, पोरोसला ५० मिनिटे आणि एजिनाला दोन तास थांबा आहे. यातून उतरण्याची रांग आणि जहाज सुटण्याआधी परत येण्याचा वेळ वजा करा. हायड्राला जेमतेम एक तास उरतो. तेवढ्यात धक्क्याजवळचे ऐतिहासिक संग्रहालय होईल. १८२१ च्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धातले नौसेनानी मियाउलिस यांचे हृदय तिथे जपून ठेवले आहे. मात्र टेकडीवरचा कुंदुरिओतिस वाडा राहून जाईल, कारण बेटावर मोटारी नाहीत आणि पायऱ्या भरपूर आहेत. पोरोसचा थांबा संग्रहालयाच्या हिशेबात धरूच नका. एजिनाला दीड तास मिळतो. म्हणजे दिवसभरात अडीच तास, आणि त्यासाठी दोघांचे २५० युरो. युरो १०५ रुपये धरला तर तासाला १०,५०० रुपये पडले. संग्रहालयांची तिकिटे बहुधा यात नसतात, तेही विचारून घ्या.

बससहल घेतली तर खर्च ३१० युरो, म्हणजे सुमारे ३२,५०० रुपये होतो, आणि अडचण वाढते. अफाया मंदिर बंदरापासून बारा-तेरा किलोमीटरवर आहे. तिकडे गेलात की बंदराजवळच्या कोलोना या प्राचीन स्थळाचे संग्रहालय हातचे जाते. मंदिर सुंदरच आहे, पण त्याच्या त्रिकोणी दर्शनी भागातली बहुतेक मूळ शिल्पे म्युनिकला आहेत. संग्रहालयप्रेमींनी कोलोना चुकवू नये. बंदरापासून दहा मिनिटांच्या चालीवर अपोलो मंदिराचा एकच उरलेला खांब, प्राचीन वस्तीचे अवशेष आणि शेजारी संग्रहालय. मेंढ्यांच्या पोटाखाली लपून निसटणारे ग्रीक महाकाव्याचा नायक ओडिसियस आणि त्याचे साथी रंगवलेली, इ. स. पूर्व सातव्या शतकातली सुरई तिथेच आहे.

त्यापेक्षा पिरेयस बंदरातून फक्त एजिनाला जा. मोठ्या फेरीबोटीला सुमारे सव्वा तास लागतो, हायड्रोफॉइल या वेगवान बोटीला त्याहून कमी. मात्र वारा वाढला की हायड्रोफॉइल आधी बंद होतात, म्हणून ऑक्टोबरात मोठी फेरीबोट बरी. सकाळी कोलोना, मग सार्वजनिक बसने अफाया, संध्याकाळी परत. फेरीबोट, बस, तिकिटे आणि जेवण धरून दोघांसाठी १०० युरो बाजूला ठेवा. बससहलीसह क्रूझच्या तुलनेत बावीस हजारांच्या आसपास वाचतील. निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना ही रक्कम किरकोळ नाही.

पॅकेजमध्ये घेतल्यास जीएसटी लागतो आणि टीसीएसही (विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला प्राप्तिकर) घेतला जातो. टीसीएस विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. तिथे क्रेडिट कार्ड वापरलेत तर परकीय चलनाचा आकार साधारण साडेतीन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. फॉरेक्स कार्डात युरो भरून नेणे बहुधा स्वस्त पडते. मशीनने 'रुपयांत की युरोत' विचारले तर युरोच निवडा, रुपयांतला दर महाग असतो.

गुडघ्यांचा त्रास असेल, किंवा समुद्र आणि तीन बंदरांची झलक हाच आनंद असेल, तर क्रूझ जरूर घ्या. फक्त ती सहलीच्या ठेवलेल्या पैशांतून, एसआयपीतून नव्हे.

दिवस ठरवताना मंगळवार टाळा. अनेक सरकारी संग्रहालये त्या दिवशी बंद असतात. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीही बेटावर जाऊ नका. वादळी वाऱ्यात जहाजांना बंदी होते, आणि चुकलेल्या विमानाचे तिकीट या सगळ्या हिशेबापेक्षा महाग पडेल.