पोळी मोजू नका, पीठ मोजा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वय ४१, मधुमेह, राहायला भांडुप, ऑफिस फोर्टात, स्वयंपाक आई करतात. तीन आठवडे रोज ५० ग्रॅमच्या आत कार्ब (कर्बोदकं) ठेवलेत, अ‍ॅप ४५ दाखवतं, तरी जेवणानंतरची साखर १९० च्या खाली येत नाही. वजन पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरलं आणि तिथेच थांबलं. म्हणून विचारलंत, की लो-कार्ब माझ्या शरीराला लागूच होत नाही का?

मी सात वर्षं कार्ब मोजून जेवते आहे. तुमच्या शरीराबद्दल मला शंका नाही, हिशेबाबद्दल आहे. तुम्ही मंगळवारचं जेवण लिहिलंय, तेच घेऊन दाखवते.

तीन वेळा बिनसाखरेचा चहा. दुपारी दोन चपात्या, भेंडी, वाटीभर वरण. रात्री एक ज्वारीची भाकरी आणि सुरमईच्या दोन तळलेल्या तुकड्या. अ‍ॅपने चपात्यांचे २० धरले, भाकरीचे १५, वरणाचे ६, चहाचे ४, भेंडीचे आणि मासळीचे शून्य. झाले ४५.

आता आपल्या स्वयंपाकघरातून मोजू. घडीच्या पोळीला साधारण ३५ ग्रॅम पीठ जातं. १०० ग्रॅम कणकेत ६४ ग्रॅम कार्ब, म्हणजे एका पोळीत २२ आणि दोन्हींत मिळून ४५. तुमचा दिवसाचा आकडा इथेच संपला. भाकरीला मी ७५ ग्रॅम पीठ धरते, कारण ताटभर भाकरी त्याहून कमी पिठात होत नाही. ज्वारीत १०० ग्रॅमला ६८, म्हणजे ५१. वरणाचे १२. चहात प्रत्येक कपाला १०० मिली दूध असेल तर दुधाच्या स्वतःच्या साखरेचेच ५, तिन्हींचे १५. सुरमईत कार्ब नाहीत हे खरं, पण तिला लावलेल्या रव्या-तांदळाच्या पिठाचे ७ तरी होतात. भेंडीचे ४. बेरीज १३४.

दिवसाला १३० ग्रॅमच्या आत असेल तर लो-कार्ब, असं साधारणपणे मानतात. तुम्ही त्या रेषेच्याही किंचित बाहेर आहात. ज्वारीच्या भाकरीने तुमची सगळ्यात मोठी फसगत केली आहे. भाकरी पौष्टिक आहे, तंतू (फायबर, ज्यांची पचून साखर होत नाही) भरपूर आहेत, मलाही अतिशय आवडते. पण ‘गहू सोडला, भाकरीवर आलो’ म्हणजे कार्ब कमी झाले असं होत नाही. नाचणीत ६७ आहेत, बाजरीत ६२. धान्य बदललं तरी आकडा फारसा हलत नाही, हलतो तो पिठाचं वजन कमी केल्यावर.

पहिल्या आठवड्यातले दोन किलो बरेचसे पाणी होतं. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या (म्हणजे साखरेच्या साठ्याच्या) प्रत्येक ग्रॅमसोबत जवळपास तीन ग्रॅम पाणी असतं. कार्ब कमी झाले की साठा वापरला जातो आणि पाणी निघून जातं. ते सगळ्यांचंच होतं, त्यामुळे नंतर वजन थांबलं म्हणून धीर सोडू नका.

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट, आणि ही मी अगदी काळजीने सांगते आहे. तुम्ही ‘मेटफॉर्मिन आणि सोबत एक’ अशी गोळी घेता असं लिहिलंत, पण ते ‘सोबत एक’ काय आहे ते लिहिलं नाहीत. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात नाव असतं, ते वाचा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल, तर ती गोळी तुम्ही जेवलात की नाही हे न बघता साखर उतरवत राहते. आजवर तुम्ही प्रत्यक्षात १३४ खात होतात म्हणून निभावलं. उद्या हिशेब दुरुस्त करून खरोखर ५० वर आलात आणि गोळी तितकीच राहिली, तर संध्याकाळच्या गर्दीत कुर्ला-घाटकोपरच्या मध्ये साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर धोका वेगळा: कार्ब फार कमी केल्यावर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) वाढून आम्लता होऊ शकते, आणि मीटरवर साखर जवळपास नॉर्मल दिसत असल्यामुळे ते पटकन लक्षात येत नाही. उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर घरी बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. म्हणून आधी डॉक्टरांना सांगा, ‘मी खरे कार्ब १३४ वरून ५० वर आणणार आहे,’ आणि डोस ठरवून घ्या. ब्लडप्रेशरची गोळी असेल तर तीही सांगा, तीसुद्धा कधीकधी कमी करावी लागते. तोवर खिशात ग्लुकोज ठेवा.

आता मोजायचं कसं. शिजलेल्या पदार्थाच्या मागे लागू नका. शिजताना पाणी शिरतं, कार्ब मात्र कोरडे असताना होते तेवढेच राहतात. अ‍ॅपमधली ‘एक वाटी डाळ’ कोणाच्या घरची, किती पातळ, कोणाला ठाऊक! आपल्या घरात पीठ, तांदूळ, डाळ कोरडी मोजली की प्रश्न मिटला.

ग्रॅम दाखवणारा साधा डिजिटल वजनकाटा घ्या आणि एका रविवारी आईंच्या शेजारी उभे राहा. कणीक भिजवायच्या आधी पीठ तोला, शेवटी पोळ्या किती झाल्या ते मोजा. ५०० ग्रॅमच्या १४ झाल्या तर पोळीमागे ३६ ग्रॅम पीठ, २३ कार्ब. हे एकदाच करायचं. रोज आईंच्या डोक्यावर काटा घेऊन उभं राहिलात तर त्यांना ते परीक्षेसारखं वाटेल आणि घरात उगाच कडवटपणा येईल. गरजही नाही, कारण वर्षानुवर्षं पोळ्या लाटणाऱ्या हाताचं माप पक्कं असतं. माझ्या सासूबाईंच्या भाकरीचे दहा गोळे मी एकदा तोलले, लहानात लहान आणि मोठ्यात मोठ्या गोळ्यात ६ ग्रॅमचा फरक होता. तेव्हापासून त्यांची भाकरी मी डोळे मिटून लिहिते. त्यांनाच सांगितलं, ‘माझ्यासाठी निम्मा गोळा घ्या,’ आणि त्या तशी छोटी भाकरी आठवणीने शेवटी करतात.

वरण-आमटीसाठी आणखी एक सोय करून ठेवा. घरातलं प्रत्येक पातेलं, कढई, कुकरचा डबा रिकामा तोला आणि वजनं एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मग भरलेल्या पातेल्यातून रिकाम्याचं वजन वजा केलं की वरण किती ते कळतं. समजा तूरडाळ १५० ग्रॅम घेतली. तिच्यात १०० ग्रॅमला साधारण ५५, म्हणजे ८३ कार्ब. फोडणी देऊन वरण एक किलो झालं आणि तुमच्या वाटीत १५० ग्रॅम आलं, तर तुमच्या वाट्याला १२. आमटीत गूळ पडत असेल तर तो जवळजवळ सगळा साखरच धरा. भाताचंही असंच: १०० ग्रॅम तांदळात ७८, शिजून त्याचा पावणेतीनशे-तीनशे ग्रॅम भात होतो. नेहमीच्या वाटीत दाबून भरलेला भात तीसच्या आसपास पडतो.

तुमच्या अ‍ॅपच्या आकड्यात दुसरीही गडबड आहे. तुम्ही म्हणता, ‘कणकेतले ६४, त्यातून तंतू ११ वजा केले.’ तेच करायचं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे जे तक्ते काढले, त्यांत तंतू आधीच वेगळे केलेले आहेत. खात्री करायची तर बेरीज करून बघा: ओलावा ११.१, प्रथिनं १०.६, स्निग्धांश १.५, राख (खनिजं) १.३, तंतू ११.४, कर्बोदकं ६४.२. जवळपास शंभर भरले. म्हणजे ६४ हे तंतू काढल्यानंतरचे आहेत, तुम्ही दुसऱ्यांदा काढलेत. अमेरिकन लेबलवर उलट असतं, तिथल्या एकूण कार्बमध्ये तंतू धरलेले असतात, म्हणून तिथले लोक वजा करतात. युरोपातल्या लेबलवर आपल्या तक्त्यांसारखेच तंतू कार्बमधून वेगळे काढलेले असतात. अ‍ॅपमध्ये हे सगळं एकत्र कालवलेलं असतं. भारतीय पाकिटावर शंका आली की मी काहीच वजा करत नाही. चूक झाली तर सुरक्षित बाजूला होते.

आणि सगळं मोजत बसू नका, नाहीतर महिन्याभरात कंटाळून सोडून द्याल. मेथी, पालक, दुधी, फ्लॉवर, काकडी, कोबी मी तोलत नाही, वाटीभर भाजीचे सरसकट ५ लिहिते. अंडी, चिकन, बांगडा, पापलेट शून्य. पनीर थोडंच. तिसऱ्या-कालवांत मात्र थोडे कार्ब असतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मोजायचं ते धान्य, डाळ, बटाटा, दूध, फळ आणि गोड. बाहेर पावाच्या वजनाच्या निम्मे कार्ब धरा, बटाट्याच्या वजनाच्या सहावा हिस्सा, आणि हॉटेलच्या दाट ग्रेव्हीत कॉर्नफ्लॉवर आहेच असं समजून वर १० टाका.

आई संकष्टी करतात आणि तुम्हीही सोबत करता असं लिहिलंत. त्या दिवशी साखर सगळ्यात वर जाते याचं कारण साबुदाणा. तो जवळजवळ निव्वळ स्टार्च, १०० ग्रॅमला ८७-८८. खिचडीच्या एका बशीत ७० ग्रॅम कोरडा साबुदाणा सहज जातो, म्हणजे बटाटा धरायच्या आधीच ६०. मी दाण्याची आमटी, काकडीची दह्यातली कोशिंबीर आणि दोन-तीन चमचे वरीचा भात एवढ्यावर उपास करते. चंद्रोदयानंतरचा मोदक मात्र खाते, पण एकच, आणि त्या जेवणात भात-पोळी घेत नाही.

‘शुगरफ्री’ मिठाईबद्दल तुम्ही विचारलंय. एकदा एका दुकानदाराने अगदी विश्वासाने दिलेली बिनसाखरेची काजूकतली मी चार तुकडे खाल्ली आणि दोन तासांनी साखर १९६ आली. काजूत स्वतःचे कार्ब आहेतच, शिवाय अशा गोडात बरेचदा माल्टिटॉल (साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ) घालतात, आणि ते निम्म्याच्या आसपास तरी अंगी लागतं. ते शून्य धरू नका.

शेवटी तुमचा मीटरच खरा तक्ता आहे. सुरुवातीचे दोन आठवडे जेवायच्या आधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर बघा, आणि कार्बच्या आकड्याशेजारी लिहा. माझ्या वहीत दिसलं, की वीस कार्बची पोळी भरपूर भाजी आणि अंड्यांसोबत खाल्ली तर साखर तीसने वाढते, तीच सकाळी चहात बुडवून खाल्ली तर साठने. तुमचे आकडे वेगळे येतील.

आज आधी स्ट्रिप उलटी करून गोळीचं पूर्ण नाव कळवा. रविवारी पीठ किती ग्रॅम आणि पोळ्या किती, एवढे दोन आकडे लिहा. पुढचा आठवडा ५० मध्ये कसा बसवायचा, ते त्यावरून मांडून देते.